चांगली बाजू खाली

हत्यार घ्यायला निघाले की परशुराम अण्णा पिशवीत प्लायचा एक तुकडा टाकायचे. तुकड्यावर पेन्सिलीने एक सरळ रेघ आणि एक अर्धगोल आखलेला असायचा. दुकानदार आपल्या मालाचे कितीही गुण गाऊ दे, अण्णा तो तुकडा काउंटरवर ठेवून म्हणायचे, "मशीन काय बोलतंय ते आधी ऐकू. तुमचं मागनं ऐकतो."

अण्णा मूळचे बेळगावकडचे. ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या नोकरीनेच त्यांना बंगळुरात आणलं. कोरमंगलातल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. मी पुण्याहून आलेली, लॅपटॉपवर पोट भरणारी. एका रविवारी गच्चीवर पुस्तकांच्या मांडणीसाठी हातकरवतीने फळी कापत होते. अण्णा कपडे वाळत घालायला आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि त्या फळीने माझं काय वाकडं केलंय असं त्यांनी विचारलं. ओळख झाली ती अशी.

खाली शांताक्का होत्या, त्यांची बायको. वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, तेव्हापासून त्या चाकांच्या खुर्चीत. भाजी निवडणं एवढीच हौस त्यांना उरली होती, आणि डाव्या हाताने ती जमतही होती. पण खुर्ची कुठल्याच टेबलाशी जवळ जायची नाही. मांडीवरचं ताट कलंडायचं, मेथी जमिनीवर पडायची. अण्णा वाकून वेचायचे, ताट पुन्हा कलंडायचं, आणि मग अक्का तोंड फिरवून रडायच्या.

म्हणून अण्णांनी कागदावर एक टेबल आखलं होतं. पुढच्या कडेला अर्धगोल खाच, अक्कांच्या खुर्चीच्या मापाची, म्हणजे खुर्ची थेट आत शिरेल. एवढ्याशा कामाला कुठला सुतार यायला तयार नव्हता आणि अण्णांचे स्वतःचे हात आता थरथरायचे. गोलाई कापायची तर जिगसॉ हवा, म्हणजे बारीक पात्याची विजेवरची करवत. मला मांडणीसाठी तो घ्यायचाच होता. "मग झालं की," अण्णा म्हणाले. "हात तुझे, डोळे माझे."

इथे माझा स्वभाव आडवा आला. घ्यायचा होता साधा, स्वस्तातला, घरगुती जिगसॉ. पण मी तक्ता केला. कुणाचा वेग जास्त, कुणाची वायर लांब, कोण किती जाड प्लाय कापतो. रात्री जेवताना मी अनोळखी माणसांचे अभिप्राय वाचायचे. एक पक्का केला की दुसऱ्याबद्दल कुणीतरी चांगलं लिहिलेलं सापडायचं. मग कळलं की पुढच्या आठवड्यात सेल लागणार आहे. यात तीन आठवडे गेले. अण्णा रोज सकाळी जिन्यात विचारायचे, ठरलं का, आणि मी म्हणायचे, बघतेय. एकदाच ते म्हणाले, "बघ की. पण स्वल्प लवकर बघ. ती रोज विचारालीय."

शेवटी तेच मला मेट्रोत बसवून चिकपेटला घेऊन गेले. दुकानदाराने आधी लाल दिव्याची रेघ पाडणारं मशीन काढलं. माझ्या तक्त्यात तेच पहिलं होतं. अण्णांनी त्याचं बूड काउंटरच्या काचेवर टेकवलं. ते डुगडुगलं. दुसरं मशीन दिसायला गरीब होतं, दिवा नाही की काही नाही, पण काचेवर घट्ट बसलं. अण्णांनी माझ्याकडून तुकड्यावरचा अर्धगोल कापून घेतला आणि कापलेल्या कडेला गुण्या लावून पाहिला. काटकोन अचूक होता, पातं कुठे कललं नव्हतं. "पातं बदलता येतंय गं," ते मला म्हणाले. "बूड बदलता येत नाही." वाचलेल्या पैशांत त्यांनी मला चांगली पाती घ्यायला लावली. सुरुवातीला वैतागलेल्या दुकानदाराने निघताना त्यांच्यासाठी कॉफी मागवली.

रविवारी गच्चीवर आम्ही फळी मांडली. अक्कांनी निवडलेला फिकट पिवळा सनमायका वर चिकटवला होता. चांगली बाजू वर, अण्णा म्हणाले, आणि मी ठेवली. अण्णा बोटाने रेघ दाखवत पुढे सरकत होते, मी मागून मशीन ढकलत होते. कापून झालं, मी मशीन बाजूला ठेवलं. अर्धगोलाच्या सगळ्या कडेचा सनमायका टवके उडून फाटला होता.

अण्णांनी पात्याचे दात अंगठ्याने चाचपले. "चूक माझी," ते म्हणाले. "हातकरवत वरनं खाली कापती. हे खालनं वर कापालंय. चांगली बाजू खाली ठेवायची होती. जन्मभर वर ठेवली की मी."

मी म्हटलं, पॉलिश पेपर मारू, कडेला पट्टी लावू आणि आजच खाली नेऊ. अण्णांनी मान हलवली. अक्कांच्या उजव्या हाताला काही कळत नव्हतं, टोचलं तरी रक्त दिसेपर्यंत त्यांना समजलं नसतं. साच्यांच्या कामात अण्णांनी खरबरीत कड कधी पुढे जाऊ दिली नव्हती, ती आता बायकोला द्यायची? नवी फळी, नवा सनमायका, वाळायला वेळ. पुढचा रविवार ठरला.

गुरुवारी अक्कांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

मला अण्णांना तोंड दाखवायची लाज वाटायची. ते तीन आठवडे माझे होते. दिवसकार्य झाल्यावर तेच वर आले, काखेत नवी फळी घेऊन. "चल, कापू," म्हणाले. आम्ही चांगली बाजू खाली ठेवून कापलं. कड इतकी स्वच्छ आली की मला रडू फुटलं. अण्णा रडले नाहीत. त्यानंतर मी संध्याकाळी खाली गेले की ते अक्कांच्या खुर्चीत बसलेले दिसायचे, खुर्ची त्या खाचेत सारून. एकट्यापुरती मेथी निवडत.

दिवाळीनंतर अण्णांचा हुबळीतला मुलगा त्यांना न्यायला आला. टेम्पोत टेबल चढवून झालं, तेव्हा अण्णांनी ती पहिली फाटकी फळी माझ्या दाराशी आणून टेकवली. मी तीन आठवड्यांबद्दल काहीतरी बोलायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

"तुझ्यामुळं नाही गं. फळी तर झाली होती त्या रविवारी," ते म्हणाले. "खाली नेली असती तर चार दिवस भाजी निवडत बसली असती की ती. मीच कड बघत बसलो."

होळीच्या सुमारास मुलाचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते.

त्या फळीला मी परवा पाय लावले. कडेवरून पॉलिश पेपर फिरवला, वर कापडी पट्टी चिकटवली आणि खुर्ची खाचेत सारून मेथीची जुडी सोडली. कुठेही टोचत नव्हतं. सगळं मिळून अर्धा तास लागला होता.