उलट्या गालावरचा तीळ

उज्वला देवरे आणि मी नाशिकला एकाच शाळेत शिकवतो. ती चित्रकलेची बाई, मी हस्तकलेची. दर मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये मुलांचं कला शिबिर भरतं. त्यात मी मातीकाम घेते आणि ती ठसेकाम. सुरुवातीला भेंडी, बटाटा, पिंपळाची पानं. मग ज्यांचा हात बसला त्यांना लिनोचा, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्याचा, तुकडा आणि कोरणी.

"कोरणी नेहमी आपल्यापासून लांब ढकलायची," ती सांगते. "आणि एक लक्षात ठेवा, जे कोराल ते कागदावर उलटं उमटणार."

हे दुसरं वाक्य ती इतक्या हळू बोलते की दंगेखोर पोरंसुद्धा गप्प होतात.

ती एकटीच राहते, इंदिरानगरला. तिच्याकडे माझं कायमचं येणं-जाणं, तरी घरात आरसा नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बेसिनवर काचेचा एक तुकडा चिकटवलेला होता, टिकलीपुरता. त्यात कपाळाखाली काही दिसत नसे. मी विचारलं, तेव्हा तिने टाळलं नाही.

"आम्ही जुळ्या होतो, मी आणि मंजू. सगळं सारखं, फक्त तीळ उलटा. माझा उजव्या गालावर, तिचा डाव्या. अकराव्या वर्षी ती तापाने गेली. तिचं सगळं उरकल्यावर मी वेणी घालायला आरशासमोर बसले, तर समोर मंजू."

तिने स्वतःच्या उजव्या गालावरच्या तिळाला बोट लावलं.

"तीळ डाव्या गालावर, म्हणजे तीच ना? मी किंचाळले. आईने आरसा माळ्यावर टाकला. त्यानंतर घरात मंजूचं नाव कुणी काढलं नाही."

"आणि आता? अजून दिसते?"

"अंधार पडला की बसच्या काचेत येते. दुकानाच्या काचेत येते. मी लगेच मान फिरवते. ती काही करत नाही गं. नुसती बघते."

गेल्या शिबिरात रोशनी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. अबोल, पण हात स्थिर. 'आपल्या आवडीचं माणूस' कोरायला सांगितलं, तर कुणी आजी कोरली, कुणी रिक्षावाले काका. रोशनीने उज्वलाबाईच कोरल्या. उज्वला दुसऱ्या मुलांमध्ये अडकली होती, तिला पत्ताच नाही. रोशनीने रोलरने शाई लावली, कागद टाकला, चमच्याच्या पाठीने सगळीकडून घासला आणि कोपऱ्याला धरून उचलला. मग तिचं तोंड एवढंसं झालं.

"बाई, चुकलं. तुमचा तीळ दुसऱ्या गालावर गेला."

उज्वला वाकली आणि तशीच राहिली. मी मातीचे हात घेऊन धावले. कागदावर एक उतारवयाकडे झुकलेली बाई होती. डोळ्यांखाली सुरकुत्या, केसांतून कोरणीच्या पांढऱ्या रेघा, तीळ डाव्या गालावर. नजर थेट समोर.

"मला वाटायचं, ती अजून अकराचीच आहे," उज्वला माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी कधी नीट बघितलंच नाही. ती माझ्याबरोबर वाढत होती."

रोशनी रडवेली झाली. "फाडून टाकू का बाई?"

"नको! अगदी बरोबर आलंय. अजून काढ."

रोशनी जोरात कामाला लागली. सगळे छाप दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. पंख्याच्या वाऱ्याने ते एकदम वळायचे, पुन्हा एकदम समोर व्हायचे. उज्वला त्यांच्याखाली उभी राहून शिकवत होती आणि मधेच कुणी हाक मारल्यासारखी मागे बघत होती.

रविवारी तिने त्यातला एक छाप सुरळी करून घेतला. "आईला दाखवायचाय. एकटीने जाववत नाही." म्हणून मीही कळवणच्या एसटीत बसले.

तिची आई सगुणाबाई तिथे धाकट्या मुलाकडे राहते. अलीकडे तिला आजचं आठवत नाही, मागचं मात्र लख्ख आठवतं. तिने कागद दाराच्या उजेडात धरला. बोट फिरवत गेली आणि तिळावर थांबली.

"हाई मंजू शे ना?" तिने अहिराणीत विचारलं.

इतक्या वर्षांनी त्या घरात ते नाव निघालं होतं. उज्वलाने होकारार्थी मान हलवली.

"तिनं लगन व्हयनं का?" आईने विचारलं, अगदी सहज, शेजारच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करावी तसं. मग कागद उशाला ठेवला आणि सुनेला सांगितलं, मुली आल्यात, ताटं वाढ. सुनेने दोन ताटं आणली, एक उज्वलाला आणि एक मला. म्हातारी रागावली. तिसरं ताट येईपर्यंत तिने आम्हाला घास घेऊ दिला नाही.

तेव्हापासून फोनवर आई मंजूचीच चौकशी करू लागली. उज्वलाने सुरुवातीला सांगून बघितलं, "आई, मंजू गेली." म्हातारी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी हंबरडा फोडायची. मग उज्वलाने ते सोडलं. मंजू बरी आहे, मंजू बाजारात गेली, मंजूचा गुडघा दुखतो, असं सांगू लागली.

मी एकदा म्हटलं, "हे अती होतंय. किती खोटं बोलशील?"

"खोटं कुठे? आहेच की ती."

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही दोघी शाळेत शुभेच्छापत्रं छापत होतो. फोन वाजला. हात शाईने भरलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"मंजूले दे फोन," पलीकडून आवाज आला.

उज्वला थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या पलीकडे, हॉलच्या रिकाम्या टोकाकडे. बराच वेळ. मान थोडी डावीकडे कलली. ती अशी मान कधी कलती करत नाही.

"हां आई. मी मंजू."

आवाज उज्वलाचाच होता.

पलीकडे सगुणाबाईंनी आवाज खाली आणला, कुणाला कळू द्यायचं नसावं तसा.

"उज्वलाले हाई सांगू नको. ती लहानपणपासून भेदरट शे, रातले दचकस. माय, तिले एकली नको सोडू."

"नाही सोडणार," ती म्हणाली.