सव्वा महिन्याची बाज

बाळंतपणातलं जेवढं आमच्या बाजवाल्या तात्यांना कळत होतं तेवढं दहा लेकरं झालेल्या बाईलाही कळत नसेल, हे मी पैजेवर सांगते. आणि त्यांना स्वतःला ना बायको होती ना मूल. मार्गासनीत सुईण होती, चांगली हातगुणाची होती, पण बारसं झालं की तिचं काम संपायचं. तात्यांचं खरं काम तिथून पुढं. जातीनं सुतार, वय साठीकडे झुकलेलं, गावाच्या टोकाला एक खोली, आणि त्या खोलीतली नाव घेण्यासारखी वस्तू म्हणजे एक बाज. तीही खोलीत कधी नसायचीच. बाळंतिणीनं ओल्या भुईवर निजू नये आणि बाजेखाली शेकाची शेगडी सरकवता यावी, म्हणून तिचे खूर त्यांनी चांगले उंच केले होते. खोऱ्यात कुणीही बाळंत झालं की बाज तिकडे, आणि बाजेचा धनी घोंगडी टाकून जमिनीवर. ती परत आली की नदीवर राखेनं घासायची, उन्हात टाकायची आणि सुंभ सोडून पुन्हा आवळायचा. तोसुद्धा पुढच्या बाईच्या अंगलटीप्रमाणं. "अंगानं कशी हाय तुजी?" असं ते नसरापूरच्या भर बाजारात एखाद्या नवऱ्याला विचारायचे आणि तो बिचारा भाजी तिथंच टाकून पळायचा. सुतार असून त्यांच्याकडं बैलगाडी नव्हती. बाज डोक्यावर उलटी घेऊन ते बांधावरून निघाले की लांबून चार शिंगांचं जनावर येतंय असं वाटे. गाडीचं विचारलं तर म्हणत, "हुती." पुढं एक अक्षर नाही.

मी मूळची भोरची. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट; आमचे हे संस्थानच्या शाळेत मास्तर, बदली मार्गासनीला, म्हणून मीही तिथं. आई माझ्या लहानपणीच गेलेली. माहेर म्हणजे थोरल्या भावाचं घर, आणि 'पहिलं बाळंतपण माहेरी' हे शब्द वहिनीच्या तोंडून चुकूनही निघाले नाहीत. मीही मागायला गेले नाही. माझा स्वभाव तसा वाईटच. ह्यांच्याशी बोलावं तर हे शाळेतून आले की वह्या घेऊन बसायचे. गावातल्या बाया चांगल्या होत्या, पण मास्तरीणबाई म्हणून दोन हात लांबच राहायच्या. पाणवठ्यावर मी गेले की त्यांची बोलणी थांबायची. असे माझे दिवस चालले होते.

अशात एका सकाळी तात्या सुतळी घेऊन आमच्या दाराची चौकट मापत उभे. हे म्हणाले, "तात्या, आम्हाला काही दार करायचं नाही."

"दोन बोटं अरुंद हाय, मास्तर. बाज आडवी करून घ्यावी लागंल."

"कसली बाज?"

पाढे न येणाऱ्या पोराकडं हे जसं बघायचे ना, अगदी तसं तात्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. "घरात इचारा," म्हणाले आणि सुतळी गुंडाळत चालते झाले. अहो, मी अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं! पण नदीच्या वाटेवर बाईचं पाऊल जरा जपून पडायला लागलं की तात्यांना महिना कळायचा. आपण बाप होणार हे सुताराच्या सुतळीकडून कळलं म्हणून हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या सुतळीची गावाला एवढी खात्री होती की एकदा तात्या खरोखरच चौकट दुरुस्त करायला पाटलांकडं गेले, तर पन्नाशी उलटलेल्या पाटलीणबाईंना चार दिवस पाणवठ्यावर तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मुलगी झाली. दीड दिवस अडले होते, फार रक्त गेलं. सासूबाई बाळंतपणाला आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण 'मी नवव्या दिवशी जात्यावर बसले होते' हे त्या एवढ्या वेळा सांगत की त्या जात्याची घरघर मला कानात ऐकू यायची. तात्या एक दिवसाआड यायचे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं डोकावायचं नाही, म्हणून अंगणात आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि समोरच्या पेंढ्याच्या गंजीशी बोलायचे. "आज शेपाची धुरी दिली न्हाई," असं नुसत्या वासावरून सांगायचे. "काल मेथी कडू ठेवली जनू. पोरीनं खाल्ली न्हाई." आणि बाज कशी करकरते यावरून वर कोण आहे ते त्यांना कळायचं. एकदा सासूबाईंनी मला खाली बसवून तांदूळ निवडायला दिले आणि स्वतः बाजेवर बसून सुपारी कातरू लागल्या. बाहेरून आवाज आला, "आक्का, तुमी उठा. तिला निजू द्या." सासूबाईंच्या हातातली सुपारी उडून शेगडीत पडली. "मेल्याला पाठीला डोळे आहेत," त्या पुटपुटल्या, पण उठल्या. जाताना तात्या दर खेपेला एकच वाक्य बोलायचे, "निजून ऱ्हावा, मास्तरीणबाई." खरं सांगते, आई गेल्यानंतर मला कुणी निजून राहा म्हटलं नव्हतं. सासूबाई बहुतेक चुलीपाशी, दिवसभर त्या पोरीखेरीज माझ्यापाशी कुणी नसायचं, आणि एखाद्या दिवशी अंगणात ती पाठ दिसली नाही तर मला रडू यायचं.

बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढं कळशी ठेवली. दारापर्यंत गेले न गेले तो डोळ्यांपुढं काळोख आला आणि मी कळशीसकट खाली बसले. तरी त्यांनी तात्यांना निरोप धाडलाच, की बाज घेऊन जा, सून उठली. तात्या आले ते मोकळ्या हातांनी. चुंबळसुद्धा आणली नव्हती.

"आक्का, बाज सव्वा महिन्याआधी हलत न्हाई. सटवाईची बोली हाय तिला."

"आणि हलवली तर?"

"पल्याडच्या गावात हलवली हुती. म्हस आटली त्यांची."

"आमच्याकडं म्हैस नाही."

तात्यांनी गंजीतली एक काडी ओढून काढली. मग म्हणाले, "सासूची कंबर बी धरली. आजून वाकूनच चालती."

सासूबाईंचा हात आपोआप कमरेवर गेला. पुढचे पंचवीस दिवस पाणी त्यांनी भरलं, भाकऱ्या त्यांनी थापल्या, आणि मी निजून राहिले. माझ्या अंगात जो काही जीव आहे तो त्या पंचवीस दिवसांचा आहे.

अडतिसाव्या दिवशी बाज न्यायला आले तेव्हा मी पोरीला घेऊन पहिल्यांदा अंगणात बसले होते. विचारलं, "तात्या, ती सटवाईची बोली खरी का हो?"

"कसली बोली. माजीच हाय ती." बराच वेळ ते सुंभ सैल करत राहिले. मग गंजीकडं बघतच बोलले, "माजी मालकीन बाराव्या दिशी लावणीला आली. म्याच नेली. रोपं वाळाय लागली हुती. चालाय नगं म्हून गाडीत घालून नेली. लई शाना म्या. दिसभर चिखलात वाकली. सांजच्याला ताप भरला. चार दिसांनी ती गेली, तिच्यामागं लेकरू. मंग गाडी मोडली आन् तिच्याच लाकडाची ही केली." बाजेच्या लांबड्या दांडीवरून त्यांनी हात फिरवला. "न्हाई म्हनली असती तर नेली नसती. पन न्हाई म्हनायचं तिला कुनी शिकवलंच न्हवतं."

बाज डोक्यावर घेऊन ते बांधावरून गेले. लांबून चार शिंगांचं जनावर दिसत होतं, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मार्गासनीतल्या आमच्या सहाव्या वर्षी, भादव्यात, तात्यांनी अंथरूण धरलं. अंथरूण म्हणजे तीच घोंगडी, आणि खाली भुई ओली गच्च. बाज कामथडीला, एका पहिलटकरणीकडं. मी रोज पेज घेऊन जायची. पेजेकडं न बघता विचारायचे, "कामथडीचा आज कितवा?"

"विसावा, तात्या."

"आजून अठरा."

ह्यांना ते बघवेना. एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला हा माणूस, पण म्हणाले, "मी माणूस पाठवतो. आठ कोसांवर तर आहे, उद्या बाज इथं येईल. त्या बाईचं काय ते बघतील तिच्या घरचे."

"मास्तर," तात्या म्हणाले, "एक डाव उठिवली म्या. दुसरी उठवायची न्हाई."

मग ह्यांनी पाटलांची बाज मागून आणली. दोघांनी उचलून तात्यांना तिच्यावर ठेवलं. बाज करकरली आणि मिटलेले डोळे खाडकन उघडले. "ही माजी न्हाई. कुनाची हाय? कुनाला उठिवलं?" कुणाला नाही, पाटलांची आहे, त्यांच्याकडं दोन आहेत, असं आम्ही शपथेवर सांगितलं. "आन् पाटलीनबाई?" ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मला हसू फुटलं. पण जन्मभर खोटी बोली सांगत आलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरंही पटत नाही. कूस बदलत बदलत ते कडेला आले आणि सरकून पुन्हा आपल्या घोंगडीवर गेले. त्यांना परत उचलायचा धीर आम्हाला झाला नाही.

कामथडीच्या त्या बाईच्या एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी, तात्या गेले. आमच्याकडं जीव जाताना माणसाला बाजेवरून खाली भुईवर घेतात. त्यासाठी चार बाप्ये आले आणि नुसते दारात उभे राहिले. त्यांना करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

नऊ दिवसांनी कामथडीचा एक तरणा माणूस बाज डोक्यावर घेऊन आला. तात्यांच्या दाराला कडी बघून माझ्याकडं आला. बरोबर तात्यांसाठी गुळाची ढेप होती. मी सांगितलं तेव्हा बाज डोक्यावर तशीच ठेवून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बायको बरी हाय. आज पैल्यांदा हिरीवर गेली. त्येच सांगायचं हुतं त्यांना."

पुढं संस्थान गेलं, एष्टी आली, बाया भोरच्या दवाखान्यात जाऊ लागल्या. ती बाज मात्र बरीच वर्षं फिरत राहिली. सटवाईची बोली आता मी सांगायची, आणि सासवांच्या कमरेचंही. पण त्या दिवशीचं सांगते. तो माणूस गेल्यावर मी बाज आडवी करून घरात घेतली, दार दोन बोटं अरुंद होतंच. हे शाळेत, पोरगी शेजारी खेळायला गेलेली. मी बाजेवर बसले. करकरली. बाहेरून आता कुणीतरी मला ओळखेल म्हणून मी जरा वेळ कान देऊन राहिले. अंगणात पेंढ्याची गंजी तेवढी होती. चूल पेटवायची राहिली होती, तरी मी तशीच आडवी झाले आणि निजून राहिले. त्या दिवशी आमच्याकडं भाकऱ्या फार उशिरा झाल्या.