तळटीप सातवी

"प्रेक्षक सहा. पैकी एक शेळी."

माझ्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंधातलं एवढंच मोठ्यानं वाचलं आणि अख्खा सेमिनार हॉल हसायला लागला. पुढच्या रांगेतल्या मॅडमनी तर डोळे पुसले.

संदर्भसूचीत मी लिहिलं होतं : 'सदर चित्रपट मौजे पुसेगाव येथे आत्याच्या राहत्या घरी मोबाईलवर पाहिला. प्रेक्षक सहा, पैकी एक शेळी. चार्जिंग संपल्याने शेवट दुसऱ्या दिवशी पाहिला.'

चूक माझीच. सेनगावला तहसीलसमोर टेबल टाकून मी वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज आणि शपथपत्रं लिहिली. त्या कमाईवरच एम.ए. झालो. कुठं घडलं, कुणासमक्ष घडलं, हे लिहिलं की कागद खरा, एवढंच मला ठाऊक. चित्रपटाच्या संदर्भात दिग्दर्शक, साल, संवादाचा तास-मिनिट-सेकंद लागतो, हे आमच्या टेबलावर कोण सांगणार? शेळी टाळता आली असती, हे मान्य.

सर म्हणाले, "कोट्यातून आत येता येतं. संदर्भ कोट्यातून लिहिता येत नाहीत."

हॉल परत हसला. मीबी हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मग हट्टाला पेटलो. अंगठा ठेवून ठेवून चित्रपट थांबवला, सेकंद मोजले. सत्तेचाळिसावं मिनिट, बारावा सेकंद. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई गर्रकन वळते : "सारखं सारखं काहून चालायला लावता? हंडा भरलेला हाय. मान माझी हाय."

माझा सगळा निबंध या बोलण्यावर उभा आहे. ती बाई म्हणजे माझी आत्या, गयाबाई. शूटिंग तिच्याच गल्लीत झालं. तिला नुसतं चालायला सांगितलं होतं. आठव्यांदा चालवलं तेव्हा ती कॅमेरावाल्यावर उखडली. त्यांनी तेच चित्रपटात ठेवलं. शेवटी नावं येतात त्यात सगळे संवाद लेखकाच्या नावावर. आत्या कुठं? 'समस्त गावकरी'.

सातव्या तळटीपेत मी मिनिट-सेकंद बरोबर लिहिले. पुढं लिहिलं : संवाद, गयाबाई.

सरांनी लाल रेघ मारली. "संवाद लेखकाचाच असतो."

"सर, लेखक त्या दिवशी आलेच नव्हते. मी होतो तिथं. कॅमेऱ्यावर छत्री धरून."

"मग काय, गावातल्या प्रत्येक बाईचं नाव घालायचं? आडनाव काय तिचं?"

सांगितलं.

"हं," सर म्हणाले.

हे 'हं' मी ओळखतो. शाळेत ऐकलंय. हिंगोलीत खोली भाड्यानं मागताना ऐकलंय.

"ही तळटीप काढा, लगेच सही करतो." सरांनी पेनाचं टोपण काढलं. त्या सहीशिवाय निबंध पुढं जात नव्हता.

'व्हय सर' ओठावर आलंच होतं. जिभेला जन्माची सवय. तेवढ्यात आत्याच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. चित्रपट संपत आलेला, आत्या पदर सावरून मोबाईलजवळ सरकलेली. "माझं नाव आलं का रे?" तेवढ्यात चार्जिंग संपलं. दुसऱ्या दिवशी ती कापूस वेचायला गेली. शेवट मी एकट्यानं पाहिला. रात्री तिला सांगितलं, "आलं, आत्या. मोठ्या अक्षरात."

तिनं गल्लीभर सांगितलं.

लाल रेघ तर सरांनी आज मारली. आत्याचं नाव नाही हे दिसूनही 'आलं' म्हणून मी आधीच गप्प बसलो होतो.

"न्हाई सर," मी म्हणालो. कागद उचलला आणि बाहेर आलो.

सही अजून नाही. नसू दे. जिथं पाठवीन तिथं हा निबंध सातव्या तळटीपेसकटच जाईल. आता ती माझ्या जुन्या टेबलाच्या भाषेत आहे : 'सदर संवाद मौजे पुसेगाव येथे गयाबाई यांनी माझ्या समक्ष उच्चारला. लेखक गैरहजर. साक्षीदार मी.'

शेळी तेवढी काढलीय.

आत्या निघणार नाही.