दसऱ्यापर्यंत हिरवं

सोसायटीत दोन गोष्टी आपोआप साठतात. जिन्याखाली मोडक्या सायकली आणि गच्चीवरच्या गप्पांत किस्से. सायकली भंगारवाला नेतो, किस्से कोण नेणार?

उचगावात आमच्या बिल्डिंगपुढे काळ्या चिकण मातीचा एक तुकडा आहे. त्याला आम्ही लॉन म्हणायचो. उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात डबकं! चेअरमनसाहेबांनी नवी गाडी घेतली आणि मीटिंगमध्ये जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत हिरवं झालं तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग!"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोला रोज गवतावर अनवाणी चालायला सांगितलं होतं. मला ते लॉन हवंच होतं. मी हात वर केला आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं.

*

माळी शिवाजी धो-धो पावसाच्या चंदगडचा. "आमच्याकडं दगडावर बी गवत येतंय. हितं मातीत यीना म्हंजे कमालच की!"

तो रोज दोन वेळा पाइप धरायचा आणि पाणी वरच तुंबायचं. मी सांगितलं, "आठवड्यातून दोनदाच, पण भरपूर."

"मग बाकीचं पाच दिस मी काय करू?"

"बघत बस."

दुसऱ्या दिवशी तो खुर्ची घेऊन बसला!

*

माती मोकळी व्हावी म्हणून आम्ही पहारीने ओळीत भोकं पाडली. त्यांत वाळू आणि शेणखत भरलं. आठवड्याने प्रत्येक भोकातून कोंब वर आले. मी आनंदाने फोटो काढत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या आक्का म्हणाल्या, "घेवडा हाय त्यो. एवढी खत घातलेली जागा मोकळी बघून जीव ऱ्हाईना बघा!"

*

घेवडा काढून पावसाच्या तोंडावर हरळीच्या काड्या लावल्या. हरळी चिवट, उन्हाला दाद देत नाही. पण एक कोपरा रोज टकला व्हायचा. एका सकाळी पाळत ठेवली, तर आक्कांचे मालक आप्पा खुरपं घेऊन बसलेले. आयुष्यभर ऊस केलेला माणूस.

"आप्पा, काय करताय?"

"हरळी माजलीया सगळी! दोन दिसात आटोक्यात आणतो."

"अहो, तेच लॉन आहे! मुद्दाम लावलंय!"

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "माझा जन्म गेला हिला उपटण्यात. आन् तुमी इकत आणलीसा?"

*

पश्चात्ताप म्हणून आप्पांनी गुपचूप युरिया टाकला. हात उसाचा, मापही उसाचंच! अर्धं लॉन करपलं.

"आप्पा, हा ऊस नाही!"

"मग कांडी कवा धरायची म्हणून वाटच बघत हुतो की!"

मी दोन दिवस जेवलो नाही नीट. मग पावसाने सगळं धुऊन काढलं आणि हरळीने पुन्हा मुळं धरली.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी लॉन हिरवंगार होतं. तरी चेअरमनसाहेबांनी पेव्हर ब्लॉकवाल्याला माप घ्यायला बोलावलंच. बायको खिडकीत उभी होती.

ब्लॉकवाला आला आणि त्याने बुलेट सरळ गवतावर स्टँडला लावली.

"ओ पावणं!" चेअरमनसाहेब वरच्या गॅलरीतून ओरडले. "डोळं हायत का बटणं? लॉन हाय त्ये! काढा गाडी आदी!"

तो बिचारा टेप हातात धरून वर बघत म्हणाला, "साहेब, तुमीच बोलावलंय न्हवं? हितंच पार्किंग करायचं म्हणून?"

"मग? लॉनवर कसलं पार्किंग? गाडी भाईर लावा म्हटलं की!"