बेशुद्ध माणूस बोलत नाही

“कण्णु मुच्चु,” साहेब म्हणाला. डोळे मिट.

मी मिटले.

बिल्डिंगच्या गेटापाशी, भर उन्हात, मी स्ट्रेचरवर उताणा पडलो होतो. पन्नाशीचा बाप्या. माझी कुबडी कुणीतरी उचलून भिंतीला लावली होती, फोटोत यायला नको म्हणून. भोवती सगळी बिल्डिंग गोळा झालेली. आग लागली तर माणसं कशी वाचवायची त्याचं मॉक ड्रिल होतं, आणि वाचवायला एक माणूस हवा होता. सरकारी गृहमंडळाच्या साहेबानं गर्दीवरून नजर फिरवली. ती माझ्या पायावर येऊन थांबली.

“हा लंगडा बरा दिसेल,” तो कानडीत म्हणाला.

लोक हसले. मीही हसलो. अशा वेळी माणसाला दुसरं काही सुचत नाही.

साहेबासोबत आलेल्या दोन पोरांनी स्ट्रेचर उचलला. दहा-बारा पावलं नेला, खाली ठेवला. फोटो नीट आला नाही. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा उचलताना माझ्या मनात आलं, हे मला गेटापासून वाचवतायत. मी राहतो अकराव्या मजल्यावर. मी डोळे उघडले आणि विचारलं, “साहेब, खरी आग लागली तर वर कोण येणार?”

साहेबानं खाली वाकूनही पाहिलं नाही. “बेशुद्ध माणूस बोलत नाही,” तो म्हणाला.

पुन्हा हशा. या खेपेला मी हसलो नाही.

फोटो झाला. मी उठून बसलो. कुबडी मला लगेच कुणी दिली नाही, म्हणून बूड घासत भिंतीपर्यंत गेलो. मागून साहेबाचा आवाज आला. तो पोरांना सांगत होता, “गाडीत ठेवण्याआधी ते स्ट्रेचरचं कापड धुऊन घ्या.”

मला जखम नव्हती. रक्त नव्हतं. सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मी खाली आलो होतो. काय धुवायचं होतं त्यांना?

मी शिंपी. बाप शिंपी, आजा शिंपी. आजाचा आजा कधीतरी सुई-दोरा घेऊन बेंगळूरला आला म्हणतात. घरात आमची मराठी, तीही अशी की पुण्याकडचा माणूस ऐकून गालात हसतो. चामराजपेटेत, नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत माझा जन्म. तिथंच पोलिओ झाला. तिथंच मशीन शिकलो. एका पायानं चालवायचो, मग मोटर बसवली. आई तिथंच गेली. नंतर पत्रे निघाले आणि आम्हाला बेळ्ळंदूरच्या पलीकडे, गावाबाहेर, या उंच सरकारी घरांत आणून टाकलं. सोडतीत मला अकरावा मजला निघाला. तळमजल्यावर अपंगांसाठी म्हणून एक खोली होती. ती कंत्राटदाराच्या सिमेंटच्या पोत्यांना मिळाली. पोती चालू शकत नाहीत, तेव्हा तीही अपंगच म्हणायची.

माझ्या खिडकीतून बेळ्ळंदूरचे काचेचे टॉवर दिसतात. आमची बिल्डिंग त्यांच्याएवढीच उंच आहे, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. उंचीचं खरं होतं.

ड्रिलच्या दिवशी लिफ्ट बंद ठेवली होती. आगीत लिफ्ट वापरायची नसते, नियम आहे. म्हणजे वाचवून घेण्यासाठी मी सकाळीच अकरा मजले कुबडी टेकत, कठड्याला धरून, एकटा उतरलो होतो. आता साहेबाची गाडी गेली. लोक पांगले. लिफ्ट बंदच राहिली. चालू करणारा माणूस साहेबासोबतच निघून गेला होता.

वाचवलेला माणूस एकटाच जिना चढायला लागला.

उतरताना लक्ष पायाकडे असतं. चढताना मी दर मजल्यावर बसत होतो, आणि बसलेल्या माणसाला सगळं दिसतं. भिंतीतल्या लाल पेट्या दिसल्या. त्यांत पाण्याचा पाईप हवा. एकीत कांदे होते, एकीत कुणाच्या चपला, बाकीच्या रिकाम्या. लाल रंगाच्या नळाची तोटी फिरवली. ती गोल गोल फिरली, आतून हवासुद्धा आली नाही. प्रत्येक मजल्यावर मागच्या जिन्याचं दार होतं आणि प्रत्येक दाराला कुलूप होतं. मागच्या जिन्यात पोरं दारू पितात म्हणून कंत्राटदारानं ते लावलं, आणि चाव्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. उरला हा एक जिना. त्यात गाद्या, सायकली, मोडकी कपाटं. कपाटं कुणाची, तर आमचीच. घर एवढंसं, माणूस सामान ठेवणार कुठं?

आमच्यात म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मला वाटायचं तसंच जीव वाचवण्याचंही सोंग आणता येत नसेल. त्या दिवशी कळलं, तेही येतं.

माझ्या शेजारून लोक वर जात होते. “हळू, अण्णा,” म्हणत होते आणि जात होते. वाईट माणसं नव्हती ती. स्वयंपाक राहिला होता त्यांचा.

पुढच्या आठवड्यात गेटावर फ्लेक्स लागला. त्यावर मी. डोळे मिटलेला, दोन पोरांच्या मध्ये झुलणारा. वर कानडीत मोठ्या अक्षरांत, ‘तुमचा जीव, आमची जबाबदारी’. ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायका म्हणायच्या, “अण्णा, फोटो छान आलाय.” मी सरी सरी, बरं बरं, म्हणायचो. दर वेळी त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालायचो.

मग खरोखर धूर आला.

दुपारची वेळ. मी मशीनवर होतो आणि मोटर बंद पडली. वीज गेली असं वाटलं. मग वास आला, जळक्या वायरचा. जिन्याखाली विजेचे मीटर आहेत, ते पेटले होते. मी दार उघडलं तर जिना दिसेना. काळा धूर चिमणीतून यावा तसा वर येत होता. खाली पळणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि कमी होत गेला. मी दार लावलं. शिवायला आलेलं लोकांचं कापड बादलीत भिजवून दाराच्या फटीत कोंबलं आणि खिडकीशी गेलो.

खाली सगळे होते. बायका आपापली पोरं मोजत होत्या. माझ्या शेजारची पार्वतक्का दिसली, एक नात कडेवर, एक हाताशी. ही पार्वतक्का मला सणाला जेवायला वाढते. मी ओरडलो, “अक्का!” अकराव्या मजल्यावरून हाक खाली पोचत नाही. मी लाल कापड हलवलं. कुणी वर बघत नव्हतं. गेटावर फ्लेक्स होता. माझ्या खिडकीतून त्याची मागची बाजू दिसते. पांढरी, कोरी.

मला रडू आलं. धुरानं नाही. मेलो असतो तर त्याचं एवढं काही नव्हतं, माझ्यामागं कोण आहे? पण एवढ्या माणसांत एकानंही मान वर करू नये, हे लागलं.

कंत्राटदाराच्या गड्यांनी रेती टाकून आग विझवली. संध्याकाळ व्हायच्या आत धूर ओसरला. मी दार उघडून उंबऱ्यात बसलो होतो. पार्वतक्का नातींना घेऊन वर आली. मला बघून जागीच थांबली.

“अण्णा, तुम्ही वरच होता?”

मी तिला दोष देत नाही. दोन नाती, दोन हात. पण त्या दिवसापासून तिला माझ्याकडे नीट बघवत नाही, आणि मलाही तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी कापड कापायची मोठी कात्री घेऊन मी खाली उतरलो. वॉचमनच्या स्टुलावर बसून फ्लेक्सच्या खालच्या भागातून मला कापून काढलं. काखेपाशी, पायाच्या वळणाशी नीट वळवत, जन्मभर कापतो तसं. दोन पोरं रिकामी झोळी उचलून हसत उभी राहिली. वॉचमन म्हणाला, साहेब रागावेल. मी म्हटलं, मी माझंच घेतलं, त्यांचं सगळं तिथंच आहे.

साहेब रागावला नाही. त्यानं पुन्हा ड्रिल ठेवलं.

ड्रिलच्या सकाळी पार्वतक्का आली. दारातूनच बोलली. ड्रिल पास झालं तर पंप बसणार, आगीपासून बंद पडलेली लिफ्ट जाऊन नवी येणार, साहेबानं कबूल केलंय. “सगळ्यांसाठी, अण्णा. स्वल्प अडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या. नुसतं पडायचं तर आहे.”

“अक्का,” मी म्हटलं, “गेल्या वेळी पडलो होतो. काय आलं?”

ती पदर सावरत खाली गेली. थोड्या वेळानं वॉचमन धापा टाकत आला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे साहेब.

“नाटक करू नकोस. खाली ये.”

“नाटक खाली आहे, साहेब. मी घरात आहे. धूर आला तेव्हाही इथंच होतो. वर या आणि मला न्या.”

मग तो म्हणाला, “लिफ्ट बंद आहे.”

“माहीत आहे, साहेब.”

त्यानं फोन ठेवला. त्या दिवशी वॉचमनला झोपवलं. धडधाकट माणूस, पाय लांब, स्ट्रेचरबाहेर यायला लागले. मी वरून सगळं पाहिलं.

पंप आला नाही. लिफ्टही आली नाही. आता बिल्डिंगमध्ये म्हणतात, टेलर अडून बसला म्हणून आली नाही. ब्लाऊज दुसरीकडे जातात. सणाला ताट येत नाही. जिन्यातल्या गाद्या हलवा म्हटलं की लोक दार लावून घेतात. कधी कधी दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मशीनशी बोलतो.

तरी महिन्याला साहेब येतो त्या दिवशी मी उतरतो. अकरा मजले, कुबडी टेकत. त्याच्यासमोर उभा राहतो आणि तेच विचारतो, मागच्या जिन्याच्या चाव्या कुठे आहेत, पाणी कुठे आहे, वर कोण येणार. तो घड्याळ बघतो. लोक दुसरीकडे बघतात. मी परत चढतो. पुढच्या महिन्यात पुन्हा उतरतो.

तो स्ट्रेचर घेऊन पुन्हा येईल. येऊ दे. मी झोपणार नाही, डोळे मिटणार नाही. बेशुद्ध माणूस बोलत नाही, हे त्याचं खरं आहे. मी शुद्धीत आहे.