आत्याच्या तोंडातली कवळी

अन्याय झाला माझ्या आत्यावर. गेल्या दिवाळीच्या पाडव्यापासून भोगीच्या सकाळपर्यंत. करणारे तिच्या घरचेच, आणि त्यात मीही होते.

आत्यानं कुंभारी गावात जन्मभर विड्या वळल्या. पाडव्याला तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बिस्किटांचे पुडे घेऊन माणसं भेटायला येऊ लागली. त्यांच्यापुढं बोळकं बरं दिसत नाही, म्हणून वहिनीनं, म्हणजे आत्याच्या सुनेनं, वरची कवळी तिच्या तोंडात बसवली. माणसं येत राहिली, कवळी तशीच राहिली. पूर्वी आत्या ती रोज झोपताना काढून, घासून, स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवायची. ती वाटी आता मिठाला लागली होती.

काही दिवसांनी आत्या डाव्या हाताचं बोट तोंडाशी नेऊन काहीतरी दाखवू लागली. खालच्या दातांना ती वर्षानुवर्षं मिश्री लावायची, भाजलेल्या तंबाखूची पूड. झालं, सगळ्यांना कळलं.

"मिश्री मागत्यात की!" वहिनी म्हणाली. "वाचा गेली, तलफ काय जाईना."

"द्या की वो चिमूटभर," शेजारीण म्हणाली. "आता कशाला तरसवायचं?"

सगळे हसले. मीही हसले. विडी कामगारांत वाटायला आणलेली, फुप्फुसांच्या आजारांवरची माझी पत्रकं तेव्हा मांडीवर होती. वहिनीनं वर-खाली हिरड्यांवर चिमूट चोळली. आत्यानं डोळे गच्च मिटले, कडेनं पाणी आलं. जिवाला बरं वाटलं असेल, असं आम्ही म्हटलं. मग रोजच चिमूट.

पुढं ती खाईना. पेज ओठांवरून गळायची. डॉक्टर आले, रक्तदाब बघितला, "वय झालंय" म्हणाले आणि गेले. तोंड उघडून बघितलं नाही. दादानं, तिच्या मुलानं, अक्कलकोटच्या पाव्हण्यांना फोन लावला, "आईनं अन्न सोडलंय. येऊन जावा."

भोगीला मी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून नेली. खाटेवर वाकले आणि मेलेल्या उंदरासारखा वास नाकात शिरला.

"वहिनी, हिचं तोंड कधी धुतलंय?"

"काय धुवायचं, वन्सं? खात्यात कुटं त्या? आन् रोज मिश्री लावते की मी!"

मोबाईलची बॅटरी लावून ओठ उचलला. कवळीच्या कडेला हिरवट काळा थर, त्यावर मिश्रीचा चिखल. ओढली तर निघेना. कोमट पाण्यानं भिजवली, कडेला बोट घातलं, तेव्हा चपकन सुटली. तिच्यामागून कुजलेला भात आला, पू आला. टाळूवर पांढरी बुरशी. हिरडीत कवळीनं कोरलेला चर, लालभडक. मी मोरीत जाऊन ओकले. दोन महिने आत्या हे गिळत होती. बोट दाखवून सांगत होती, आणि आम्ही त्याच जखमेवर तंबाखू चोळत होतो.

दादानं रिक्षा आणली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, औषध दिलं, रोज तोंड कसं पुसायचं ते वहिनीला हात धरून शिकवलं. चौथ्या दिवशी आत्यानं वाटीभर पेज संपवली. रडायच्या तयारीनं आलेले पाव्हणे दारातच थबकले. "ह्या तर जेवाय लागल्यात की!" एकजण म्हणाला, तेही जरा नाराजीनंच.

आता आत्यानं बोट तोंडाशी नेलं, की वहिनी आधी आत बघते. मिश्रीचा डबा मी उकिरड्यावर फेकलाय.

हे वाचून किळस आली असेल तर ती वाया घालवू नका. तुमच्याही घरात कुणीतरी खाटेवर आहे, खात नाही म्हणून तुम्ही वयाला दोष देताय. उठा. हात धुवा, बॅटरी घ्या, त्यांचा ओठ उचला आणि आत बघा. कवळी असेल तर काढा. आजच, तुमचं स्वतःचं ताट वाढून घेण्याआधी.