तोफ आणि पिवळं जाकीट

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे तोफ म्हणतात, आणि तिच्या तोंडावर म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. टेलिफोन खात्यात ती तक्रारींच्या टेबलावर होती. तक्रार घेऊन आलेला माणूस जाताना तिची माफी मागून जायचा. आम्ही दोघं गावच्या एकाच शाळेत शिकलो. मास्तर मला उभा करायचे ते शिक्षा म्हणून, आणि हिला बसवायचे तेही शिक्षा म्हणूनच.

नोकरी संपल्यावर ती एका संस्थेत जाऊ लागली. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात गळका नळ. मनाच्या आजारातून उठत असलेल्या माणसांसाठी ही संस्था. स्वयंसेवकाने आठवड्यातून एकदा आपल्या माणसाच्या घरी जाऊन बसायचं. झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का, दवाखान्यात सोबत येऊ का, एवढं विचारायचं. बाकी सगळं ऐकायचं. आता तोफेला ऐकायला शिकवणं म्हणजे गिरणीच्या भोंग्याला कुजबुजायला शिकवणं. पण ती शिकली, कारण तिचा दीर आयुष्यभर माडीवरच्या खोलीत कोंडून राहिला होता आणि सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, तो परगावी नोकरीला असतो. वर पावलं वाजली की म्हणायच्या, मांजर असेल.

"त्या घरात मला तोंड नव्हतं, दादा," तोफ म्हणते. "आता आहे."

संस्थेचा जुना नियम होता, जायचं ते ओळखीचं माणूस म्हणून. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वास लागता कामा नये. तोफेच्या वाट्याला एक शिवणवाली आली होती. एकटी बाई, रंगाच्या दुकानावर भाड्याची खोली, खिडकीशी मशीन. मध्ये कधीतरी तिच्या डोक्यात आवाज यायचे, खाणंपिणं सुटलं होतं. आता गोळ्यांनी ती सावरली होती, कामही येत होतं. तोफ जायची ती गिऱ्हाईक म्हणून, पिशवीत कापड घेऊन. त्यामुळे आमच्या घरात उशा मोजक्या आणि अभ्रे ढीगभर. माझी सून म्हणाली, "आत्या, आता निदान उशा तरी आणा."

असं छान चाललं होतं, तर संस्थेला नवे सचिव मिळाले. जाहिरातीच्या कंपनीत काम केलेला हुशार, गोड बोलणारा माणूस. त्याने सगळ्या स्वयंसेवकांना पिवळी जाकिटं शिवून आणली. पाठीवर हे एवढाल्या अक्षरांत, "मनाचा आजार लपवू नका", आणि खाली संस्थेचं नाव. घरी जाताना घालायचं आणि दाराशी उभं राहून फोटो पाठवायचा, असा फतवा.

तोफेने जाकीट घडी करून कपाटात टाकलं. पण त्याच आठवड्यात तिला ताप आला आणि तिच्या जागी एक उत्साही बाई गेल्या. पिवळ्याधमक पाठीने त्या गल्लीभर शिवणवालीचं घर विचारत फिरल्या आणि खालच्या रंगवाल्याकडून पत्ता घेऊन वर चढल्या. तो रंगवालाच घरमालक. त्याच संध्याकाळी त्याने शिवणवालीला सांगितलं, महिनाअखेर खोली रिकामी करा, आमच्या घरात लहान मुलं आहेत.

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगात ताप असतानाच ती संस्थेत पोहोचली.

"काकू, शांतपणे बोलू," सचिव म्हणाला. "लपवून लपवूनच तर या आजाराची लाज वाढली ना? आपण उघड झालो की समाज बदलतो."

"कोण उघड झालं? तू?"

"म्हणजे?"

"तू जाकीट घातलंस, फोटो काढलास, घरी जाऊन जेवलास. बेघर ती होतेय. माझ्या सासूने माणूस कोंडला आणि तू माणूस चव्हाट्यावर आणलास. पण दोघांपैकी एकानेही त्या माणसाला विचारलं नाही, बाबा रे, तुला काय हवंय."

"एखाद्या केसवरून आपण धोरण बदलू शकत नाही, काकू."

"केस," तोफ म्हणाली, आणि पुढचं जे बोलली ते मी नातवंडांच्या घरात लिहू शकत नाही.

तिथून ती बाहेर पडली ती डोक्यात एक कल्पना घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळं जाकीट घालून ती रंगाच्या दुकानात जाऊन बसली. मी सोबत होतो. खोटं कशाला बोलू, मला तमाशा बघायचा होता.

"काय देऊ, बाई?" रंगवाला म्हणाला.

"काही नको, भाऊ. तुमच्याकडेच आलेय. कसं वाटतंय आता? झोप लागते का?"

"मला काय झालंय?"

"तेच विचारायला येतो आम्ही. बोला, मन मोकळं करा."

दुकानात गिऱ्हाईकं होती. एका म्हाताऱ्याने चष्मा सावरून तोफेची पाठ वाचली आणि हळूच विचारलं, "घरात कोणाला त्रास आहे का हो?"

"कोणाला नाही."

"असं लपवू नये. लिहिलंय बघा."

ती रोज जाऊ लागली. बाकावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बरं आहे हो, सुधारणा आहे." गल्लीत कुजबुज सुरू झाली. रंगवाल्याच्या बायकोला नळावर बायका सहानुभूतीने बघायला लागल्या. थोरल्या मुलीचं लग्न ठरायचं होतं, तिकडून निरोप आला की जरा थांबू. शेवटी त्याने हात जोडले. "राहू दे तिला खोलीत. पण बाई, उद्यापासून येऊ नका."

दुकानातून बाहेर पडताना मी पोट धरून हसत होतो. तोफही खुशीत होती. तशीच ती जिना चढून शिवणवालीकडे गेली, मीही मागोमाग.

शिवणवालीने मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, मग म्हणाली, "ताई, खालची सगळी गंमत मला इथे ऐकू येत होती."

"मग? जिरली ना त्याची?"

"सकाळी ते जिन्यात भेटले. मी खाली जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभे होते. आधी त्यांना मी नको होते. आता त्यांना माझी भीती वाटते."

"अगं, खोली तर राहिली."

"राहिली. पण तुम्ही त्यांना घाबरवलंत कशाने? माझ्या आजारानेच ना? हा तुमच्या घरात शिरला असं लोकांना वाटलं तर बघा काय होतं, हेच तुम्ही दाखवत होतात. बाकावर बसून, हसत हसत."

तोफ गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी ते बघितलं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

वाटेत मात्र ती उसळली. रंगवाल्यावर, सचिवावर, सासूवर, समोरून आलेल्या सायकलवाल्यावर. मग माझ्यावर. "तू कशाला दात काढत होतास तिथे?"

शिवणवालीने महिनाअखेर खोली सोडलीच, पण स्वतःहून. तोफ मशीन उतरवायला गेली होती. टेम्पोत सामान चढल्यावर तिने विचारलं, "नवा पत्ता?"

"संस्थेला देणार नाही. तुम्हालाही नको, ताई. राग नाही माझा. पण तिथे मला फक्त शिवणवाली होऊन राहायचंय. गोळ्या मी घेईन. दवाखान्यात हवं तर भेटा."

संस्थेत जाकिटं अजून आहेत. सभेत तोफ एवढी भांडली की आता घरी जाताना जाकीट घालायचं की नाही, हे ज्याच्या घरी जायचं तो ठरवतो. सचिव तिला नमस्कार करतो आणि दूर उभा राहतो.

परवा ती दवाखान्यात गेली होती. शिवणवाली आली, दोन खुर्च्या सोडून बसली, थोडी हसली. तेवढ्यात औषधांच्या खिडकीतून एकजण भर गर्दीत ओरडला, "ते डोक्याच्या गोळ्यांचं पेशंट कोण?" तोफ ताडकन अर्धी उठली. दात तिने असे आवळले की, तिच्याच शब्दांत, कवळी मोडायची राहिली.

शिवणवालीने तिच्याकडे बघून नको अशी मान हलवली, स्वतः उठली, खिडकीशी गेली आणि म्हणाली, "मी आहे. हळू बोला. आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारा."

तोफ खाली बसली. तिथे बसून राहणं टेलिफोन खात्याच्या सगळ्या नोकरीपेक्षा जड गेलं, म्हणते.